वेगाला वेळ द्या : तरुणांतील बद्धकोष्ठता आणि तिची औषधाविना निगा

अहवालाच्या या भागात एखाद्या आजाराची ओळख करून देण्याचा आमचा प्रघात आहे. यंदा निवडलेला विषय काही वाचकांना अहवालाच्या पानास न शोभणारा वाटेल. क्षयरोग, सिकलसेल, कुपोषण यांवर लिहिले तर कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. शौचास साफ न होणे ही मात्र चारचौघांत उच्चारण्याची गोष्ट नव्हे, असा आपल्याकडे संकेत आहे. नेमक्या याच संकोचामुळे हा विषय आम्ही हाती घेतला आहे. कोरीट आणि आसपासच्या गावांतून येणारी अठरा ते तीस वर्षे वयाची मुले-मुली पोटदुखी, भूक मंदावणे, डोके जड होणे, शौचावाटे रक्त पडणे अशा तक्रारी सांगतात. तपासणीच्या खोलीचे दार लावून, धीर देऊन विचारले म्हणजे त्या साऱ्यांच्या मुळाशी अनेकदा एकच उत्तर सापडते : चार-चार दिवस पोट साफ होत नाही. आणि दवाखान्यात येण्यापूर्वी सहा महिने, वर्षभर कोणते ना कोणते चूर्ण घेऊन झालेले असते.

वार्धक्यात आतड्याची गती मंदावते, गोळ्या अनेक असतात, हालचाल कमी असते. तेव्हा बद्धकोष्ठतेचे कारण शोधावे लागत नाही. विशीतल्या निरोगी देहात हा विकार का जडावा, हा खरा प्रश्न आहे. आमचा अनुभव आणि जगभरचे संशोधन यांचा मेळ घालता असे दिसते की तरुणांमध्ये बहुधा आतडे दुबळे नसते. त्याने दिलेली हाक ऐकली जात नसते. म्हणून या लेखात आहाराच्या आधी वेळ, जागा आणि बैठक यांचा विचार केला आहे.

बद्धकोष्ठता कशाला म्हणावे

रोज सकाळी एकदा शौचास झालेच पाहिजे, अशी आपल्याकडे दृढ समजूत आहे. वैद्यकशास्त्र इतके कठोर नाही. दिवसातून तीन वेळांपासून आठवड्यातून तीन वेळांपर्यंत, त्रास न होता शौचास होत असेल तर ते प्रकृतीला धरूनच आहे. पोटाच्या विकारांसाठी जगभर वापरले जाणारे ‘रोम’ निकष २०१६ साली चौथ्यांदा सुधारण्यात आले. त्यांनुसार आठवड्यात तीनपेक्षा कमी वेळा शौचास होणे हे अनेक लक्षणांपैकी केवळ एक आहे. कुंथावे लागणे, मळ खड्यासारखा कठीण असणे, पोट पूर्ण मोकळे न झाल्याची भावना, गुदमार्गात काही अडल्यासारखे वाटणे, बोटाने मळ काढावा लागणे ही उरलेली लक्षणे होत. यांपैकी दोन वा अधिक लक्षणे चार वेळांतून एकदा तरी जाणवत असतील आणि असे काही महिने चालले असेल, तर त्यास बद्धकोष्ठता म्हणावे.

मळाचे स्वरूप सांगणे रुग्णांस अवघड जाते. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील डॉक्टरांनी १९९७ साली सात चित्रांचा एक तक्ता प्रसिद्ध करून ही अडचण सोडवली. पहिल्या चित्रात शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे खडे आहेत, सातव्यात निव्वळ पाणी. तिसरे व चौथे चित्र प्रकृतीचे. आमच्याकडील मुलींना शब्दांत जे सांगवत नाही ते त्या या तक्त्यावर बोट ठेवून सांगतात. ‘लेंड्यांसारखे’ हे वर्णन तर शेळ्या राखणाऱ्या घरांत समजावूनही सांगावे लागत नाही.

वेग दाबला म्हणजे काय घडते

मोठे आतडे सुमारे दीड मीटर लांबीचे असते. लहान आतड्यातून त्यात दररोज सुमारे दीड लिटर पातळ द्रव्य येते आणि त्यातील बहुतेक पाणी शोषले जाऊन शे-दोनशे ग्रॅम मळ शिल्लक राहतो. हे आतडे सदासर्वकाळ सारख्या जोराने काम करीत नाही. दिवसातून काही मोजक्या वेळा त्यात मोठी लाट उठते व मळ पुढे ढकलला जातो. झोपेतून उठल्यावर आणि जठरात अन्न पडल्यावर ही लाट विशेष जोरकस असते. सकाळच्या चहानंतर किंवा न्याहारीनंतर परसाकडे जाण्याची जुनी रीत या शरीरधर्माशी जुळणारी होती.

मळ गुदाशयात उतरला की त्याच्या भिंती ताणल्या जातात आणि आतले झडपस्नायू आपोआप सैल पडतात. बाहेरचे स्नायू मात्र आपल्या इच्छेच्या ताब्यात असतात. जागा नसेल, वेळ नसेल, लाज वाटत असेल तर आपण ते आवळून धरतो. काही मिनिटांत इच्छा ओसरते. मळ तेथेच थांबतो किंवा मागे सरकतो, त्यातले आणखी पाणी शोषले जाते आणि तो अधिक कठीण होतो. पुढच्या खेपेस तो बाहेर पडताना दुखते. दुखते म्हणून पुन्हा आवळून धरले जाते. असे महिनोन्महिने चालले म्हणजे गुदाशयाला ताणाची सवय होते आणि हाक ऐकू येण्यासाठी पूर्वीपेक्षा अधिक मळ साठावा लागतो.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. जर्मनीतील संशोधकांनी १९९० साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. बारा निरोगी तरुणांना एक आठवडा शौचाची इच्छा शक्य तितकी दाबून ठेवण्यास सांगितले गेले. आहार तोच, माणसे तीच. तरीही त्या आठवड्यात शौचाच्या वेळा घटल्या आणि मळास मोठ्या आतड्यातून सरकण्यास अधिक वेळ लागू लागला. बद्धकोष्ठता शिकता येते काय, असाच प्रश्न त्या निबंधाच्या शीर्षकात विचारला होता. सात दिवसांत एवढा फरक पडत असेल, तर दहावीपासून पदवीपर्यंत सहा-सात वर्षे वसतिगृहात काढणाऱ्या मुलीचे काय होत असेल याची कल्पना करावी.

आपल्या परंपरेला ही गोष्ट ठाऊक होती. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय न दाबण्याच्या वेगांविषयीच आहे. तेथे तेरा नैसर्गिक वेग सांगितले असून मलवेग त्यांपैकी एक आहे. शिंक, जांभई, तहान, झोप, अश्रू यांच्याच रांगेत त्याला बसवले आहे. त्या ग्रंथकारांना त्यात लाजण्यासारखे काही वाटले नाही, हे आम्हांस महत्त्वाचे वाटते.

नंदुरबार जिल्ह्यातील तरुणांना वेग का दाबावे लागतात, याची कारणे डोळ्यांसमोर आहेत. दिवाळीनंतर अनेक कुटुंबे कोयता घेऊन दक्षिण गुजरातेत ऊसतोडीस जातात. फडाच्या कडेला पालात राहणाऱ्या तरुण स्त्रीला उजाडण्यापूर्वी किंवा अंधार पडल्यावरच बाहेर जाता येते. पहाटे तर गाडी भरण्याची घाई असते. म्हणून ती पाणीच कमी पिते. मग शौच कठीण होते, लघवीची जळजळ सुरू होते, आणि होळीच्या सुमारास परत आल्यावर ती आमच्याकडे येते ती गुदद्वाराच्या चिरेसह. नवविवाहितेची कहाणी थोड्या फरकाने तीच. सासरी सकाळी पहिल्यांदा चूल, पाणी, सर्वांचा चहा. घरातल्या एकुलत्या एक शौचालयाची पाळी तिला शेवटी मिळते, तोवर इच्छा निघून गेलेली असते. पोलीस भरतीची तयारी करणारे मुलगे पहाटे पाचला उठून मैदानावर धावतात. व्यायामात त्यांच्यात काही कमी नाही. पण शरीर ज्या घटकेला हाक देते त्याच घटकेला ते घराबाहेर असतात.

महाराष्ट्रात २०००-०१ साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले, पुढे २०१४ पासून स्वच्छ भारत अभियान आले, आणि गावोगाव शौचालये उभी राहिली. हा फार मोठा बदल आहे व त्याचे मोल आम्ही जाणतो. तरीही शौचालय असणे आणि ते सकाळी सहा वाजता एका मुलीला निर्धास्तपणे वापरता येणे यांत अंतर असते. एका वसतिगृहातील मुली आमच्याकडे वारंवार येऊ लागल्या तेव्हा चौकशीअंती कळले की तेथील तीन दारांपैकी दोघांना आतून कडी नव्हती आणि पाण्याची बादली लांबच्या नळावरून भरून आणावी लागे. त्या मुलींना लिहून दिलेल्या रेचकाने काय साधणार होते? आमच्या देणगीदारांपैकी जे शाळा वा वसतिगृहांना साहाय्य करतात, त्यांना आमची विनंती आहे की भेटीच्या वेळी संगणक-कक्ष अवश्य पाहावा, पण शौचालयाची कडी, दिवा आणि नळही स्वतः उघडून पाहावा.

वेळ, जागा आणि बैठक

घरच्या निगेचा पहिला भाग वेळेचा. सकाळी न्याहारीनंतर, किंवा निदान चहा व कोमट पाण्यानंतर, वीस-तीस मिनिटांच्या आत शौचास बसावे. इच्छा असो वा नसो, रोज त्याच वेळी बसावे. परंतु पाच-दहा मिनिटांपेक्षा अधिक नाही. झाले नाही तर उठावे, मनास लावून घेऊ नये. दिवसात इतर वेळी हाक आली तर तीही टाळू नये. आतड्याला पुन्हा वळण लागण्यास काही आठवडे लागतात. तीन दिवसांत गुण येत नाही म्हणून हा उपाय सोडणारे रुग्णच अधिक. त्यांच्या घरच्यांनी या काळात धीर द्यावा. सकाळची पहिली पाळी सूनबाईला किंवा परीक्षेच्या मुलीला देता आली तर तो अर्धा उपचार समजावा.

दुसरा भाग बैठकीचा. उकिडवे बसले असता मांड्या पोटाकडे येतात आणि गुदाशयाभोवती गोफणीसारखा असलेला स्नायू सैल पडून मार्ग सरळ होतो. इस्राएलमधील एका अभ्यासात (२००३) अठ्ठावीस जणांनी तीन निरनिराळ्या बैठकींत शौच केले व वेळ मोजला. उकिडवे बसून सरासरी एका मिनिटाच्या आत काम झाले. नेहमीच्या उंच भांड्यावर दोन मिनिटांहून अधिक लागली. आपल्या भारतीय पद्धतीच्या शौचालयात ही सोय आपोआप होते. शहरात शिकावयास वा नोकरीस गेलेल्या मुलांना खोलीवर कमोड मिळतो, आणि सुटीत घरी आले की पोट साफ होते असे त्यांतले काही सांगतात. घरच्या पाण्याला त्याचे श्रेय दिले जाते. थोडे बैठकीलाही द्यावे. कमोडच असेल तर पायांखाली वीतभर उंचीचा पाट किंवा स्टूल घ्यावे, गुडघे कमरेच्या वर येतील असे पाहावे, कोपरे मांड्यांवर टेकवून किंचित पुढे झुकावे. अमेरिकेतील ओहायो येथे २०१९ साली बावन्न जणांनी महिनाभर नोंदी ठेवल्या व त्यांतील शेवटचे दोन आठवडे असे पायाखालचे स्टूल वापरले, तेव्हा कुंथणे कमी झाले आणि पोट अधिक मोकळे झाल्याचे आढळले.

श्वास रोखून, चेहरा लाल होईतो कुंथणे ही सर्वांत वाईट सवय. काही तरुणांमध्ये कुंथताना नेमके उलटे घडते : पोट जोर देते आणि त्याच वेळी गुदद्वाराचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळले जातात. दार बंद ठेवून ते ढकलण्यासारखेच हे आहे. अशा रुग्णास तंतुमय आहार वाढवूनही गुण येत नाही, कधी पोट अधिकच फुगते. त्याला स्नायू सैल सोडण्याचे शिक्षण द्यावे लागते. मोठ्या रुग्णालयांत ते यंत्राच्या साहाय्याने देतात. घरी एवढे करता येते : तोंड किंचित उघडे ठेवावे, पोट पुढे फुगेल असा सावकाश श्वास घ्यावा, सोडताना खालचा भाग ढिला सोडावा आणि मगच हलका जोर द्यावा.

मोबाइलविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. बॉस्टन येथील एका रुग्णालयात १२५ प्रौढांची दुर्बिणीने तपासणी झाली व तो अभ्यास २०२५ साली प्रसिद्ध झाला. शौचालयात मोबाइल वापरणाऱ्यांत मूळव्याधीची शक्यता न वापरणाऱ्यांपेक्षा ४६ टक्क्यांनी अधिक आढळली; ते बसतही अधिक वेळ होते. एका अभ्यासावरून कारण सिद्ध होत नाही. तरी दहा मिनिटांच्या कामास अर्धा तास बसून राहण्याने गुदाशयाच्या शिरांवर ताण येतो, हे सांगण्यास दुर्बिणीची गरज नाही. फोन बाहेर ठेवावा.

ताटातील तंतू आणि तांब्यातील पाणी

आहाराच्या बाबतीत आमच्या भागातील जुने ताट फारसे दुरुस्त करावे लागत नाही. दादरची किंवा कळण्याची भाकरी, तुरीची डाळ, अंबाडी, मेथी, तांदुळजा, शेवग्याच्या शेंगा हे सारे येथलेच. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे दहा ग्रॅम तंतू असतात, तूरडाळीत सुमारे नऊ, तर पॉलिश केलेल्या तांदळात तीनाच्याही आत. दोन भाकऱ्यांना दीडशे ग्रॅमच्या आसपास पीठ लागते. म्हणजे पंधरा ग्रॅम तंतू त्यातूनच मिळतात. तेवढ्याच वजनाच्या तांदळातून जेमतेम चार. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला निदान पंचवीस ग्रॅम तंतूंची शिफारस २०२३ साली केली आहे. दोन वेळच्या भाकरी-डाळीत आणि एखाद्या फळात ते सहज बसतात. सकाळी चहा-टोस्ट, दुपारी भात व पातळ वरण, संध्याकाळी वडापाव अशा दिवसात ते कधीच बसत नाहीत.

फळांत पेरू सर्वांत उजवा. शंभर ग्रॅममध्ये आठ ग्रॅमहून अधिक तंतू, आणि तोही बियांसकट खावा. शहादा परिसरात पिकणारी पपई तंतूंबरोबर पाणीही देते. परदेशात किवी या फळावर बरेच काम झाले आहे. दिवसाला दोन किवी खाल्ल्याने शौचाच्या वेळा वाढतात व कुंथणे कमी होते असे न्यूझीलंड, इटली व जपान येथील चाचणीत २०२३ साली दिसले. सुक्या आलुबुखाराचेही फळ चांगले मिळाले आहे. ज्यांना परवडते त्यांनी ती अवश्य खावीत. बाकीच्यांनी बाजारातल्या पेरूला कमी लेखू नये.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो. ब्रिटनमधील आहारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२५ साली दीर्घकालीन बद्धकोष्ठतेसाठी आहाराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत किवी, राय या धान्याचा पाव व खनिजयुक्त पाणी यांची शिफारस असली, तरी केवळ ‘तंतुमय आहार वाढवा’ या सर्वसाधारण सल्ल्यामागे पुरेसा भक्कम पुरावा नसल्याचे स्पष्ट म्हटले आहे. ज्याच्या ताटात तंतू नव्हतेच त्याला भाकरीने लाभ होतो. ज्याच्या ताटात ते आधीच भरपूर आहेत आणि तरीही पोट साफ होत नाही, त्याच्यावर कोंड्याचा मारा करण्यात अर्थ नाही. त्याची वेळ, बैठक आणि कुंथण्याची पद्धत तपासावी. तंतू वाढवायचे ते हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत. एकदम वाढवल्यास वायू धरतो आणि रुग्ण ज्वारीलाच दोष देऊन मोकळा होतो.

पाण्याचेही तसेच. इटलीतील ११७ रुग्णांना १९९८ च्या अभ्यासात दिवसाला पंचवीस ग्रॅम तंतू दिले गेले. ज्यांनी त्यासोबत दोन लिटर पाणी प्यायले त्यांना इतरांहून अधिक गुण आला. परंतु जो मुळात पुरेसे पाणी पितो त्याने आणखी चार तांबे रिचवल्याने मळ मऊ होत नाही. आमच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात, शेतात वा बांधकामावर राबणाऱ्यांना मात्र तहान लागण्याची वाट न पाहता पाणी, ताक प्यावेच लागते.

नंदुरबार म्हटले की मिरची आली. तिखटाने बद्धकोष्ठता होते असे आम्ही म्हणणार नाही. मात्र गुदद्वारास चीर पडलेली असताना तिखट वर्ज्य करावे. नागपूर येथील एका शल्यचिकित्सकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अशा रुग्णांची वेदना व जळजळ लाल तिखटाने वाढल्याचे दाखवले आहे. चीर भरेपर्यंत ठेचा बाजूस ठेवावा. कोमट पाण्याच्या टबात दहा-पंधरा मिनिटे बसल्याने आराम पडतो.

चालणे, सूर्यनमस्कार, सायकल यांनी आतड्यास चालना मिळते, पण एकट्या व्यायामावर भिस्त ठेवू नये. पोटाच्या मालिशीचा उपाय आजीबाईंच्या हाती होताच. स्वीडनमध्ये साठ जणांवर आठ आठवडे केलेल्या अभ्यासात (२००९) त्याने त्रास कमी झाल्याचे आढळले. उताणे झोपून गुडघे दुमडावे. उजव्या ओटीपोटापासून बरगडीपर्यंत वर, मग आडवे डावीकडे, मग डावीकडून खाली, असा तळहाताने हलका दाब देत दहा मिनिटे हात फिरवावा. गरोदरपणात किंवा पोटात तीव्र वेदना असताना हे करू नये.

मातीची पट्टी, चूर्ण आणि मशेरी

महाराष्ट्रात औषधाविना उपचारांची एक मोठी परंपरा आहे. गांधीजींनी १९४६ साली उरुळीकांचन येथे निसर्गोपचार आश्रम सुरू केला. त्यामागे स्वतःचा अनुभव होता : दक्षिण आफ्रिकेत असताना त्यांना बद्धकोष्ठतेचा त्रास होता, ते सारक क्षार घेत असत, आणि पुढे पोटावर ओल्या मातीची पट्टी ठेवून आपल्याला बरे वाटल्याचे त्यांनी आत्मकथेत नोंदवले आहे. मातीचे गुण आम्ही येथे तोलत बसत नाही. रोजच्या रोज रेचकावर अवलंबून राहण्याचे नाकारून त्यांनी सवयीकडे मोर्चा वळवला, हा भाग आजच्या तरुणांनी घ्यावा.

चूर्णांविषयी स्पष्ट लिहितो. बाजारातील पुष्कळ चूर्णांत सोनामुखी असते. वैद्यकीय सल्ल्याने, थोड्या काळासाठी ती उपयोगी आहे. घोटाळा वेगळ्याच ठिकाणी होतो. जोरदार रेचकाने मोठे आतडे संपूर्ण रिकामे होते. ते पुन्हा भरण्यास एक-दोन, कधी तीन दिवस लागतात. त्या दिवसांत शौचास होणार तरी कशाचे? पण मुलगा घाबरतो, पुन्हा चमचाभर चूर्ण घेतो आणि हे चक्र थांबत नाही. चूर्णानंतर दोन दिवस शौच न होणे हा आजार नव्हे, एवढे समजले तरी कित्येकांचा महिन्याचा खर्च वाचेल.

मशेरी, तपकीर किंवा सकाळची विडी ‘प्रेशर येण्यासाठी’ घेणारे तरुण-तरुणी आमच्याकडे येतात. निकोटिनने आतड्यास क्षणिक चालना मिळते, हे खरे. म्हणूनच ही सवय घट्ट बसते. महाराष्ट्रातील प्रौढांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक तंबाखूचे कोणते ना कोणते रूप वापरतात, असे २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत आढळले. घरातल्या वडीलधाऱ्यांकडूनच मशेरीचा डबा मुलीच्या हाती येतो, तोही पोट साफ होण्याच्या सद्भावनेने. तोंडाचा कर्करोग ही त्या सोयीची किंमत आहे. तंबाखू सोडल्यावर काही आठवडे बद्धकोष्ठता वाढते. ती तात्पुरती असते हे आधी सांगून ठेवले, तर माणूस डब्याकडे परत वळत नाही.

इसबगोल औषधाच्या दुकानात मिळते, पण कामाने तो कोंडाच आहे. शेजारच्या गुजरातेत उंझ्याची बाजारपेठ त्यासाठी प्रसिद्ध आहे. तो आतड्याला उत्तेजित करीत नाही, पाणी धरून मळ मऊ ठेवतो. मोठा पेलाभर पाण्यातून लगेच प्यावा आणि वर आणखी पाणी घ्यावे. कोरडा फाकल्यास घशात वा आतड्यात अडकण्याचा धोका असतो.

घरी थांबू नये अशा वेळी

वर लिहिलेले सारे निरोगी तरुणांसाठी आहे. शौचावाटे रक्त, कारण नसता वजन घटणे, ताप, पंडुरोग, घरात कोणास आतड्याचा कर्करोग झालेला असणे, किंवा पूर्वी नियमित असलेली सवय अचानक बदलणे, यांपैकी काहीही असल्यास आधी तपासणी करावी. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल तर एक रात्रही वाट पाहू नये. अशा वेळी रेचक देणे घातक ठरते. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. त्यांचे तीव्र पोटदुखणे ‘पोट साफ नसेल’ म्हणून घरी अंगावर काढू नये. त्यांना तत्काळ आणावे. लोहाच्या गोळ्यांनी अनेक मुलींना व गरोदर स्त्रियांना कठीण शौच होते. गोळ्या परस्पर बंद करू नयेत. आरोग्यसेविकेस किंवा डॉक्टरांस सांगावे, वेळ वा प्रकार बदलून देता येतो. थायरॉइडचा विकार व काही वेदनाशामक गोळ्या हीही तपासण्याजोगी कारणे आहेत.

बाह्यरुग्ण विभागात येताना दोन आठवड्यांची नोंद सोबत आणल्यास फार उपयोग होतो. वहीच्या एका पानावर तारीख, शौचाची वेळ, तक्त्यातील चित्राचा क्रमांक, कुंथावे लागले की नाही, आणि हाक येऊनही जाता आले नाही असा प्रसंग घडला असल्यास तोही लिहावा. तक्त्याची प्रत केसपेपरच्या खिडकीवर मागितल्यास मिळते. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी चित्रांवर खूण करण्याची सोय आहे. ही नोंद तपासणीच्या खोलीतच पाहिली जाते. ती नातेवाइकांसमोर वाचली जात नाही.